गुठळी आली कुठून?

डी-डायमर हा शब्द आठवतोय? कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा तुम्ही शाळेत असाल, ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद करून बसलेले. घरात कोणी पॉझिटिव्ह निघालं की सीआरपी, फेरिटिन आणि हा डी-डायमर असे रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर फिरायचे. आकडा वाढलेला दिसला की मोठ्यांचे चेहरे उतरायचे. तो आकडा नेमका कशाचा, हे फारसं कोणी सांगत नसे. रक्ताची गुठळी फायब्रिन नावाच्या धाग्यांनी विणलेली असते. ती विरघळू लागली की त्या धाग्यांचे बारीक तुकडे रक्तात येतात. त्यांचं मोजमाप म्हणजे डी-डायमर.

हे धागे रक्तात ज्या कच्च्या मालापासून बनतात, त्याला फायब्रिनोजेन हे नाव देणारा आणि पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन माणसाचा जीव घेते हे दाखवून देणारा डॉक्टर तेव्हा पंचविशीचा होता. म्हणजे तुमच्यातल्या पीजी करणाऱ्यांपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याचं नाव रुडॉल्फ फिर्शो. मेडिकलला गेलेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारा. नावाचा उच्चार ती वेगळा करेल, पण व्हायवाला हा माणूस तिला नक्की भेटलेला असेल.

फिर्शोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१चा. गाव शिवेलबाइन, तेव्हा प्रशियात, आज पोलंडमध्ये. वडील शेती करायचे आणि गावच्या खजिन्याचं कामही बघायचे. पैसा बेताचाच. पोरगा हुशार म्हणून बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत त्याला जागा मिळाली. शिक्षण फुकट, बदल्यात पुढे लष्करात नोकरी, असा तो सौदा होता. १८४३ मध्ये तो डॉक्टर झाला आणि बर्लिनच्याच शारिते हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदनाच्या विभागात कामाला लागला. तिथल्या त्याच्या वरिष्ठाने, रोबर्ट फ्रोरीपने, त्याच्यावर एक काम सोपवलं. पॅरिसचे प्राध्यापक क्रुव्हेलिए सांगत होते की शिरेला सूज येणं हेच बहुतेक सगळ्या आजारांच्या मुळाशी असतं. ते खरं की खोटं, बघ.

क्रुव्हेलिए म्हणजे त्या काळचं केवढं मोठं नाव! आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांच्याच पुस्तकातून चार पानं उतरवून असाइनमेंट सबमिट केली असती. फिर्शोने मृतदेह उघडून बघायला सुरुवात केली.

अचानक दम लागून गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या धमनीत त्याला गुठळी सापडायची. ती तिथेच सूज येऊन तयार झाली, असा तेव्हाचा समज. पण गुठळीच्या भोवतालची धमनी पुष्कळदा धडधाकट दिसायची. मग गुठळी आली कुठून? तो उलट दिशेने शोधत गेला आणि पायाच्या शिरांपाशी पोहोचला. तिथे दुसरी गुठळी होती. तिचं मऊ पडलेलं टोक तुटून रक्ताबरोबर वाहत जातं, हे त्याच्या लक्षात आलं. पायाची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते, ती हृदयाच्या उजव्या बाजूला. सगळी वाट रुंद होत जाणारी, त्यामुळे तुकडा मध्ये कुठे अडत नाही. हृदयातून पुढे फुप्फुसाच्या धमनीत शिरला की मात्र तिला फाटे फुटतात, ते अरुंद होत जातात, आणि तुकडा बसतो अडकून.

तर्क झाला, पुरावा हवा. त्याने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे सोडले आणि नंतर ते फुप्फुसाच्या धमनीत शोधून काढले. (आज एथिक्स कमिटीने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. बिचाऱ्या कुत्र्यांना कोणी विचारलं नव्हतं.) १८४६ मध्ये त्याने हे काम छापायला सुरुवात केली. शिरेत गुठळी होणं म्हणजे थ्रॉम्बोसिस आणि तिचा तुकडा दुसरीकडे जाऊन अडकणं म्हणजे एम्बोलिझम, हे शब्द त्याचेच.

आता खरा प्रश्न. जखमेवर रक्त गोठतं ते आपल्या भल्यासाठी. मग वाहतं रक्त शिरेच्या आतच का गोठावं? कॉलेजात याचं उत्तर फिर्शोची त्रयी म्हणून पाठ करून घेतात. रक्ताचा प्रवाह मंदावणं, नळीच्या भिंतीला इजा होणं आणि खुद्द रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं, ही ती तीन कारणं. गंमत म्हणजे अशी सुटसुटीत यादी त्याने कधी केलीच नव्हती. तुकडे त्याच्या लिखाणात विखुरलेले होते. यादीला त्याचं नाव चिकटलं ते तो गेल्यावर कित्येक दशकांनी.

पहिली दोन कारणं डोळ्यांना दिसतात. तिसऱ्याचं काय? गोठलेल्या रक्तात फायब्रिनचे धागे दिसतात, वाहत्या रक्तात मात्र ते नसतात. म्हणजे रक्तात त्यांचं एखादं विरघळलेलं पूर्वरूप असणार, असं फिर्शोने मानलं. तेच फायब्रिनोजेन. आज आपल्याला माहीत आहे की ते यकृतात तयार होणारं प्रथिन आहे आणि निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर प्लाझ्मात साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम त्याची टोकं कापतं. मग कापलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि धागा तयार होतो. हे थ्रॉम्बिनसुद्धा मोकळं फिरत नाही. प्रोथ्रॉम्बिन या निरुपद्रवी रूपात ते प्लाझ्मात पडून असतं आणि गरज पडली की जागं होतं.

एवढंच असतं तर एका खरचटण्याने अंगभर रक्त गोठलं असतं. म्हणून प्लाझ्मातच ब्रेकही आहेत. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही त्यांची नावं. यातला एखादा ब्रेक जन्मतःच कमजोर असेल तर तरुणपणीही गुठळी होऊ शकते. १९६५ मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात अँटिथ्रॉम्बिन कमी असल्याचं आढळलं, तेव्हा हा दोष आनुवंशिक असू शकतो हे कळलं. १९९४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन शहरात आणखी एक भानगड सापडली. तिथे ब्रेक शाबूत होता, पण गोठवणाऱ्या साखळीतला फॅक्टर फाइव्ह त्याला दाद देत नव्हता. कधी दोष जन्मजात नसतोही. मूत्रपिंडाच्या काही आजारांत अँटिथ्रॉम्बिन लघवीवाटे वाहून जातं. गरोदरपणात, मोठ्या संसर्गात, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळेही पारडं गोठण्याकडे झुकतं.

तेव्हा अशा गोळ्या कोणी घेत असेल आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात गुठळी झालेली असेल, तर ते लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. परीक्षेच्या आधी तासन्‌तास मांडी घालून बसता, रात्रभर स्लीपर कोचने गावी जाता, तेव्हा मधूनमधून उठा, पाय हलवा. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक दम लागून छातीत दुखलं, तर गरम पाण्याने शेकत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

फिर्शोकडे परत येऊ. १८४८च्या फेब्रुवारीत सरकारने त्याला अप्पर सायलेशियात पाठवलं. तिथे टायफसने माणसं मरत होती. त्याने तीन आठवडे घरोघरी फिरून पाहिलं, आणि अहवालात औषधांच्या यादीपेक्षा शाळा, रस्ते, लोकांच्या पोलिश भाषेत कारभार आणि लोकशाही यांचीच मागणी केली. फुप्फुसात दिसलेल्या गुठळीचं मूळ त्याने पायात शोधलं होतं. इथे तापाचं मूळ त्याला उपासमारीत आणि राज्यकारभारात सापडलं. परत आल्यावर आठवडाभरातच बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि हा पठ्ठ्या सरळ बॅरिकेडवर जाऊन उभा राहिला. क्रांती फसली, शारितेतली नोकरी धोक्यात आली. १८४९ मध्ये तो वुर्झबुर्गला प्राध्यापक म्हणून गेला.

१८५६ मध्ये बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावलं. पुढचं सगळं एखाद्या दमछाक करणाऱ्या सीव्हीसारखं आहे. १८५८ मध्ये पेशींच्या पातळीवर आजार समजावून सांगणारा ग्रंथ. नगरसेवक, आमदार, मग खासदार. शहराच्या सांडपाण्याच्या योजनेसाठी त्याने केलेली खटपट मला त्याच्या कुठल्याही पदवीपेक्षा मोठी वाटते. १८६५ मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि त्याने ते साफ नाकारलं. यावर सॉसेजची एक झकास कथा सांगतात, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि तो सगळीकडे बरोबर होता, असंही नाही. बाळंतिणींच्या तापाबद्दल सेमेलवाइसचं म्हणणं त्याने बराच काळ मानलं नाही. जंतूंमुळे आजार होतात यावरही तो साशंकच राहिला. निअँडरथलची हाडं आदिमानवाची नसून कोणा आजारी माणसाची आहेत, असं त्याने ठामपणे सांगून टाकलं होतं. दुसऱ्यांच्या थिअऱ्या मोडणारा माणूस म्हातारपणी स्वतःच एक क्रुव्हेलिए होऊन बसला होता.

जानेवारी १९०२ मध्ये ऐंशी वर्षांचा फिर्शो बर्लिनच्या रस्त्यात चालत्या ट्राममधून उतरताना पडला. मांडीचं हाड मोडलं. काही महिने तो अंथरुणावर होता, पुरता सावरलाच नाही, आणि ५ सप्टेंबरला गेला. आज त्या वयाचे आजोबा असे पडून दाखल झाले, की रक्तस्रावाचा धोका बघून हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन सहसा लवकरच सुरू होतं. कारण हाडाबरोबर शिरेला इजा झालेली असते, पाय हलत नसतो आणि दुखापतीमुळे रक्त गोठायला टपलेलं असतं. म्हणजे तिन्ही कारणं एकाच खाटेवर. हेपारिन एकट्याने काही करत नाही. ते आजोबांच्याच प्लाझ्मातल्या अँटिथ्रॉम्बिनला हाताशी धरून त्याचा वेग कैक पटींनी वाढवतं.