‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे

पेण-रोह्याहून दक्षिणेस महाड लागते. चवदार तळ्यामुळे सर्वश्रुत झालेल्या याच गावी २७ जून १८६४ रोजी शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म झाला. आपल्या जिल्ह्याच्या या सुपुत्राजवळ लेखणीवाचून दुसरे शस्त्र नव्हते. परंतु तिनेच परकीय सत्तेला स्वस्थ बसू दिले नाही.

शिवरामपंतांची बुद्धी तीव्र होती. मॅट्रिकला संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुढे ते एम. ए. झाले व पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. तो मार्ग सुरक्षित व सन्मानाचा होता. परंतु १८९७ साली पुण्यात प्लेग व दडपशाही यांनी कहर केला, आणि राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना कारावास घडला. निर्भीड लिहिण्याची किंमत अशी डोळ्यांसमोर असताही, मार्च १८९८ मध्ये शिवरामपंतांनी ‘काळ’ साप्ताहिक काढले.

त्यांची लेखनपद्धती वक्रोक्तीची होती. वरवर गुलामगिरीची स्तुती चालावी, आणि वाचता वाचता वाचकाची मान मात्र लाजेने खाली जावी! कायद्याला उघड शब्द पकडता येतो. स्तुतीचा वेष घेतलेली निंदा पकडणे तितके सोपे नसते. म्हणूनच ‘काळ’ दहा वर्षे निभावला. तो वाचून पेटलेल्या तरुणांत भगूरचे विनायक दामोदर सावरकर होते.

१९०८ साली मुझफ्फरपूरला बॉम्बस्फोट झाला. त्यावरील लेखांबद्दल शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. पुढे १९१० च्या वृत्तपत्र कायद्यान्वये सरकारने जबर जामीन मागितला, आणि ‘काळ’ बंद पडला. त्यातील निवडक निबंधांची पुस्तकेही जप्त झाली. तरी ते खचले नाहीत. १९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ पत्र काढले आणि मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह करून पुन्हा तुरुंग पत्करला. २७ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थीमित्रहो, छापलेला शब्द एकदा घराबाहेर पडला की लेखकाच्या ताब्यात राहत नाही. तो वाचून कोणी विचार करील, कोणी शस्त्रही उचलील. लिहिणाऱ्याच्या हाती एवढेच उरते की, आपल्या शब्दाचे मोल दुसऱ्यावर न लोटता स्वतः चुकवावे. शिवरामपंतांनी ते चुकविले. लेखणी उचलताना आपणही तेवढी तयारी ठेवावी.