यात्रेत नाटक करणारा आमगावचा भवभूती

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा सिझन लागतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, दंडार रंगते. रात्री मंडपात संगीत नाटक उभं राहतं आणि पंचक्रोशीतली माणसं पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाहीत.

याच मातीतला एक नाटककार साधारण तेराशे वर्षांपूर्वी हेच करत होता. त्याचं नाव भवभूती. संस्कृत नाटकात कालिदासानंतर बहुतेक वेळा ज्याचं नाव घेतलं जातं तो.

त्याने आपली माहिती नाटकांच्या प्रस्तावनेतच देऊन ठेवली आहे. मूळ नाव श्रीकंठ. वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, आजोबा भट्टगोपाल, गुरू ज्ञाननिधी. घराणं वेदपाठी, पाचव्या पिढीतल्या पूर्वजाने वाजपेय यज्ञ केलेला. आणि गाव, विदर्भातलं पद्मपूर.

आता हे पद्मपूर कुठलं?

दुर्ग इथे वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट सापडला. तो पद्मपुरातून निघालेला आहे. म्हणजे हे गाव एकेकाळी वाकाटकांचं महत्त्वाचं ठाणं होतं. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं मांडलं. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं, १ मे १९९९ पासून गोंदियात आहे. आमगावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालयही आहे.

अशा कर्मठ घरातल्या पोराने नाटकवाल्यांशी दोस्ती केली. त्या काळी नटांना समाजात फारसा मान नव्हता. तरी आपली नटांशी जिवाभावाची मैत्री आहे हे भवभूतीने प्रस्तावनेत उघडपणे सांगून टाकलं. आमच्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच.

त्याची तीन नाटकं आपल्यापर्यंत आली. महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित. तिन्हींच्या प्रस्तावनेत प्रयोगाचं निमित्त एकच आहे, कालप्रियनाथाची यात्रा. हा देव कुठला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी उज्जैनचा महाकाल म्हणतं, मिराशी काल्पीचं सूर्यमंदिर म्हणतात. पण दरबाराच्या दिवाणखान्यात नव्हे, तर दिशादिशांतून लोटलेल्या गर्दीपुढे हे खेळ झाले, एवढं प्रस्तावनाच सांगते. मालतीमाधवात सूत्रधार येतो तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असतो. झाडीपट्टीत खेळ संपतो त्या वेळेला याचा सुरू व्हायचा!

गर्दीसाठी मसालाही भरपूर होता. मालतीमाधवात मध्यरात्रीचं स्मशान आहे, नायिकेचा बळी द्यायला निघालेला कापालिक आहे आणि ऐनवेळी धावून येणारा नायक. मात्र हमखास हशा पिकवणारा विदूषक त्याने तिन्ही नाटकांतून वगळला.

ते सगळ्यांना पटलं नसावं. कारण याच नाटकाच्या सुरुवातीला तो टीकाकारांवर चिडलेला दिसतो. हा खटाटोप तुमच्यासाठी नाही, काळ अफाट आहे, पृथ्वी मोठी आहे, माझ्यासारखा कोणीतरी कधीतरी जन्मेल, अशा अर्थाचं तो ऐकवतो. आजच्या भाषेत, ट्रोलर्सना दिलेला रिप्लाय.

पुढे आठव्या शतकाच्या पूर्वार्धात कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी तो होता, असं कल्हणाची राजतरंगिणी सांगते. सोबत वाक्पतिराज हा प्राकृत कवी. काश्मीरच्या ललितादित्याने यशोवर्म्याचा पराभव केला, त्यानंतर भवभूतीचं काय झालं याची नोंद नाही.

उत्तररामचरित हे त्याचं सगळ्यात गाजलेलं नाटक. सीतेला वनात धाडल्यावर आतून तुटत गेलेला राम त्याने उभा केला. शेवटच्या अंकात गंगेच्या काठी वाल्मीकी एक नाटक बसवतात, अप्सरा ते करतात आणि प्रेक्षकांत बसलेला राम स्वतःचीच गोष्ट बघताना बेशुद्ध पडतो. रामायणात सीता धरणीत जाते. भवभूतीने मात्र त्या मंचासमोरच राम आणि सीतेची भेट घडवून आणली, जमलेल्या सगळ्या प्रजेच्या साक्षीने.