सार्वजनिक काका : पन्नास सह्यांचा माणूस

ज्या काळात पुण्यातील सामान्य रहिवाशास ना नगरपालिकेत मत होते, ना मुंबईच्या कायदे कौन्सिलात, त्या काळात एका वकिलाने सरकारदरबारी लोकांचा शब्द पोहोचविण्याची एक रीत घालून दिली. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. हे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. ‘सार्वजनिक काका’ म्हटले, की मात्र ओळख पटते.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यास झाला. छत्रपतींची गादी तेव्हा तेथे नांदत होती. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, तेव्हा काका अकरा वर्षांचे होते. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षे तेथे तिष्ठत राहिले आणि रिकाम्या हातांनी परतले. राजाचा वकील विलायतेच्या दारातून असा परत येतो, हे साताऱ्यातील त्या पिढीने पाहिले होते. काका विशीत पुण्यास आले, सरकारी कचेरीत नोकरी केली, पुढे वकिलीची परीक्षा देऊन स्वतंत्र व्यवसाय मांडला. त्यांच्या आयुष्यातील या मधल्या वर्षांत सांगण्यासारखे फार नाही. कायदा आणि कचेरीची भाषा त्यांनी याच काळात आत्मसात केली, एवढे पुरे.

निमित्त घडले ते पर्वतीचे. पर्वती देवस्थानाला सरकारकडून नेमणूक मिळे आणि त्याचा कारभार पंचांच्या हाती होता. त्या कारभाराविषयी शहरात कुरकुर सुरू झाली व लोकांनी एकत्र येऊन तक्रार करण्याचे ठरविले. पण अर्ज घेऊन येणाऱ्याला कोणताही साहेब पहिला प्रश्न विचारणार तो एकच : तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? चार प्रतिष्ठित गृहस्थांनी सही केली, म्हणजे तो पुणेकरांचा अर्ज होत नाही. मुंबईत त्यापूर्वीच बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती, पण तिचा आधार शेटसावकारांची प्रतिष्ठा हा होता.

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या प्रश्नाचे उत्तर आपल्या नियमांतच देऊन ठेवले. जो सभासद होऊ इच्छितो, त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. ही माणसे कोणत्याही जातीची वा धर्माची असोत; आमच्या वतीने या गृहस्थाने बोलावे, असे त्यांनी लिहून द्यावे. आरंभी असे पंचाण्णव सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार माणसांची संमती होती. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष झाले. राबणारा हात मात्र काकांचा होता.

ही युक्ती वकिलाच्याच डोक्यातून निघावी, अशी होती. न्यायालयात अशील वकिलाला मुखत्यारपत्र देतो, तेव्हा त्याच्या शब्दाला कायद्याचे वजन येते. तेच वजन काकांनी सार्वजनिक कामाला दिले. निवडणुकीचा कायदा नव्हता, मतपेटी नव्हती. तरी प्रतिनिधी म्हणजे काय, हे त्या कागदाने पुणेकरांना शिकविले. सही करणाऱ्यालाही थोडा विचार करावा लागे, आणि सही मागणाऱ्याला दारोदार फिरावे लागे. आपल्यापैकी ज्यांना राहत्या देशात मताधिकार नाही, त्यांना या खटाटोपाचे मोल अधिक कळेल, असे वाटते.

अर्थात सभा खरोखर सर्वांची होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सभासदांत सरदार, इनामदार, सावकार आणि पांढरपेशे यांचाच भरणा होता. जोतीराव फुले यांनी या सभेवर टीका केली, ती नेमक्या याच ठिकाणी : शूद्रातिशूद्र जिच्यात बसत नाहीत, ती सार्वजनिक कशी? जोतीराव स्वतः १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. एकाच शहरात लोकांचा शब्द सरकारपर्यंत नेणाऱ्या या दोन वाटा होत्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या नाहीत. काकांच्या चरित्रात हे उणे राहते.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यास आले आणि सभेला अभ्यासाची जोड मिळाली. रानडे सरकारी नोकर; त्यांना उघडपणे पुढे होता येत नसे. मसुदा त्यांचा आणि धावपळ काकांची, अशी ही जोडी जमली. वाढीव शेतसाऱ्याने गांजलेल्या कुणब्यांची स्थिती सभेने चौकशी करून नोंदविली. १८७५ मध्ये तिने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज करून हिंदुस्थानला तेथे प्रतिनिधी असावेत, अशी मागणी केली. दादाभाई नौरोजी लंडनमधून कॉमन्सवर निवडून आले ते १८९२ मध्ये. मागणी पुण्याहून सतरा वर्षे आधी गेली होती.

खरी परीक्षा १८७६–७७ च्या दुष्काळात झाली. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पिके, गुरे आणि उपासमार यांची माहिती गोळा केली व ती पत्रांमागून पत्रांनी सरकारकडे धाडली. दुष्काळी कामावरील मजुरी सर रिचर्ड टेम्पल यांच्या धोरणानुसार कमी केली गेली, तेव्हा हजारो मजुरांनी काम सोडले. एवढ्यावर माणूस जगत नाही, हे सभेने तपशिलासह मांडले. अर्जाची भाषा नम्र होती, पण त्यातील माहिती खोडून काढणे कलेक्टरांना अवघड होते. एरवी अर्जविनंत्यांना हसणाऱ्यांनी ही पत्रे वाचावीत.

तो दुष्काळ चालू असतानाच १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला. जरीच्या पोशाखांच्या त्या गर्दीत काका हातसुती खादीचे कपडे घालून गेले. स्वदेशी कापडाचे व्रत त्यांनी १८७२ च्या जानेवारीत घेतले होते आणि देशी मालाच्या विक्रीसाठी खटपटही केली होती. सभेने तेथे सादर केलेल्या मानपत्रात राणीच्या इतर ब्रिटिश प्रजाजनांना जो दर्जा आहे तोच हिंदी लोकांना मिळावा, अशी मागणी होती. घरीही हे काम चालू होते : त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रियांची सभा स्थापन केली होती.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. पुण्यावर संशयाची छाया पसरली होती. रानड्यांचीही बदली धुळ्यास झाली. अशा वेळी बंडखोराचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर नजर ओढवून घेणे. काकांनी ते घेतले. सनदशीर मार्गावर श्रद्धा असलेल्या माणसाने शस्त्र उचललेल्या माणसाचा बचाव केला, यात मला विसंगती दिसत नाही. आरोपीलाही कोणीतरी बोलणारा हवा, हा त्यांचा जुनाच हिशेब होता. फडक्यांना जन्मठेप झाली व त्यांना एडनला नेण्यात आले.

पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, काका वारले. वय अवघे बावन्न. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ मध्ये आला आणि त्यानंतर पुण्याच्या करदात्यांना नगरपालिकेत आपले सभासद निवडण्याचा हक्क मिळाला. सार्वजनिक सभा पुढे टिळकांच्या हाती गेली. १८९७ मध्ये सरकारने तिला मान्यता देणे बंद केले. तोपर्यंत पन्नास सह्या गोळा करणाऱ्या त्या पहिल्या पंचाण्णवांपैकी अनेकजण काळाच्या पडद्याआड गेले होते.