टेडिंग्टनचे पाळक डॉ. स्टीफन हेल्स

मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहणे आमच्या वाचकांपैकी कोणासही नवे नाही. नाडी जलद आहे की मंद, भरलेली आहे की क्षीण, हे आमच्या खेड्यातील वैद्यही सांगतात. परंतु त्या ठोक्यामागे जोर किती आहे, हे प्रथम मापाने सांगण्याचा मान कोणा मोठ्या राजवैद्याकडे न जाता एका लहानशा गावच्या पाळकाकडे जातो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या पाळकांचे चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

स्टीफन हेल्स यांचा जन्म इंग्लंडातील केंट परगण्यात बेक्सबोर्न या गावी सन १६७७ मध्ये झाला. १६९६ साली ते केंब्रिज येथील विद्यापीठात गेले. धर्मशास्त्राचा अभ्यास चालू असता विल्यम स्टकले या तरुण मित्राबरोबर ते रानोमाळ हिंडत, वनस्पती गोळा करीत, आणि घरी येऊन प्राण्यांची शरीरे चिरून पाहत. एकदा या दोघांनी कुत्र्याच्या फुप्फुसांत शिसे ओतून आतल्या नळ्यांचा ठसा घेतला होता. सन १७०९ मध्ये त्यांची नेमणूक थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावी झाली, आणि पुढे बावन्न वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ती मंडळी सोडली नाही. त्यांचा विवाह झाला, पण १७२१ साली पत्नी वारली. मूलबाळ नव्हते, आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

त्या काळी रक्ताविषयी काय ठाऊक होते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. रक्त हृदयातून निघून सर्व शरीरभर फिरते व पुन्हा हृदयाकडे येते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सिद्ध केले होते. धमन्या व शिरा यांस जोडणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या माल्पिगी या इटालियन पंडिताने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या होत्या. म्हणजे वाट समजली होती. पण त्या वाटेने रक्त ढकलणारा जोर किती, याविषयी निव्वळ तर्क चालले होते. बोरेली या विद्वानाच्या हिशेबाने हृदयाचा जोर १,८०,००० पौंड भरत होता, तर कील नामक वैद्याच्या हिशेबाने अवघा ५ औंस! विद्वानांची गणिते अशी जमीन-अस्मानाच्या अंतराने चुकू लागली, तर त्यांनी गणित सोडून तराजू हाती घ्यावा हेच बरे. हेल्स यांनी नेमके तेच केले.

केंब्रिजला असताना त्यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले होते. टेडिंग्टनला आल्यावर त्यांनी घोड्यांवर प्रयोग केले. एक चौदा वर्षांची घोडी होती. ती कामास निरुपयोगी झाल्यामुळे मारावयाचीच होती. डिसेंबर महिन्यात तिला उताणी बांधून त्यांनी तिच्या मांडीची धमनी उघडली व तीत पितळेची बारीक नळी बसविली. त्या नळीस नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली आणि धमनीवरील बंध सोडला. रक्त एकदम निम्म्या उंचीपर्यंत उसळले, मग दर ठोक्यास थोडे थोडे वर सरकत हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच उंचीवर जाऊन ठरले. तेथेही ते स्वस्थ उभे राहिले नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर दोन, तीन, चार इंच वरखाली होत राहिले. रक्ताच्या दाबाचे हे जगातील पहिले माप होय. पुढील एका प्रयोगात जनावराने हिसका दिल्यास नळी मोडू नये म्हणून त्यांनी दोन नळ्यांच्या मध्ये हंसबदकाची श्वासनलिका जोडली, कारण आजच्यासारख्या रबरी नळ्या तेव्हा कोठे होत्या?

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या घोडीस भूल दिलेली नव्हती. भूल देण्याची विद्या त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. थोडे थोडे रक्त काढून दाब कसा उतरतो हे पाहत पाहत हेल्स यांनी तिला मरू दिले. कवी अलेक्झांडर पोप हे शेजारच्या ट्विकनहॅमचे रहिवासी व हेल्स यांचे स्नेही; त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्स यांची सही आहे. ते हेल्स यांस अत्यंत सज्जन मानीत, पण त्यांचे हात रक्ताने भरलेले असतात याचे त्यांस फार वाईट वाटे. आम्हासही वाटते. स्वतः हेल्स यांसही या चिरफाडीचा वीट आला आणि त्यांनी ती कित्येक वर्षे सोडून दिली. आजचे लक्षावधी रोगी त्या ज्ञानाचे ऋणी आहेत म्हणून त्या जनावराचे दुःख लहान होते, असे आमच्याने म्हणवत नाही.

पुन्हा प्रयोगांकडे ते वळले ते एका द्राक्षवेलामुळे. सुमारे १७२० साली त्यांच्या बागेतील एक जुना वेल अवेळी छाटला गेला व छाटलेल्या जागेतून रस वाहू लागला. वेल मरेल या भीतीने त्यांनी त्यावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा बांधला, तो रसाच्या जोराने तो फुगला! लागलीच त्यांनी वेलासही काचेची नळी लावली. सूर्यफुले, कोबी, सफरचंदाच्या फांद्या यांनी किती पाणी शोषिले व किती हवेत सोडिले, हे त्यांनी तोलून पाहिले. हे संशोधन १७२७ साली, व रक्ताविषयीचे १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्या दुसऱ्या ग्रंथात केवळ घोडीची हकिगत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात वितळलेले मेण ओतून, त्या गोळ्यावरून एका ठोक्यास किती रक्त बाहेर पडत असावे याचा अंदाज त्यांनी केला. हृदय तर थांबून थांबून रक्त फेकते. मग बारीक वाहिन्यांतून ते अखंड कसे वाहते? यास त्यांनी आग विझविण्याच्या बंबाची उपमा दिली. बंबाचा दांडा खालीवर होत असला तरी त्यातील हवेच्या कोठीमुळे पाण्याची धार तुटत नाही. त्याचप्रमाणे धमन्यांच्या भिंती ठोक्याबरोबर ताणल्या जातात व मग आकसून रक्त पुढे रेटतात. मनुष्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा जोर त्यांनी सुमारे ५१ पौंड ठरविला, आणि मनुष्याचे रक्त नळीत साडेसात फूट चढेल असे अनुमान केले. आजच्या मापाप्रमाणे निरोगी मनुष्याचे रक्त सुमारे पाच फूटच चढेल. परंतु १,८०,००० पौंड आणि ५ औंस यांच्या मानाने ही चूक ती काय!

आमच्या मते त्यांचा सर्वांत मोलाचा प्रयोग निराळाच आहे. मेलेल्या कुत्र्याचे आतडे लांबीने उभे चिरून, त्यास रक्त पुरविणाऱ्या धमनीत त्यांनी उंच नळीतून ऊन पाणी सोडले, व ठरावीक पाणी बारीक वाहिन्यांच्या तोंडांतून पाझरण्यास किती वेळ लागतो हे मोजले. मग ब्रँडी सोडली, तो प्रवाह मंदावला. पुन्हा ऊन पाणी सोडले, तो वाढला. सिंकोनाच्या सालीच्या काढ्यानेही वाहिन्या आकसल्या. पाटाच्या पाण्यास अडथळा होतो तो शेवटच्या बारीक चाऱ्यांत. तसा रक्तास मुख्य अडथळा या सूक्ष्म वाहिन्यांत होतो, आणि त्यांच्या भिंती निर्जीव नळासारख्या नसून स्पर्शानुसार आकसतात व सैल होतात, हे त्यांच्या ध्यानी आले.

पुढे फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास दाखविले की, नळीचा व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. १८६७ साली जर्मनीचे कोनहाइम यांनी सूज आलेल्या जागी रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीस चिकटून तीतून बाहेर पडताना पाहिल्या. १९८० साली अमेरिकेत फर्चगॉट यांनी सिद्ध केले की, वाहिनीचे नाजूक अस्तर घासून काढले तर विशिष्ट औषधाने तिला जी शिथिलता येते ती येत नाही. हे अस्तर स्वतःच एक वायू निर्माण करते, रक्ताच्या घर्षणाने तो अधिक सुटतो, आणि त्याने वाहिनी रुंदावते. या शोधाबद्दल त्यांस व अन्य दोघांस १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेल्स यांनी ऊन पाणी व ब्रँडी ओतून जो प्रश्न विचारला होता, त्याच वाटेवरचे हे उत्तर आहे.

ब्रँडीविषयी मात्र सावधपणे लिहिले पाहिजे. मेलेल्या जनावराच्या वाहिनीत ओतलेली दारू आणि जिवंत माणसाने प्यालेली दारू यांचा परिणाम एकच नसतो. पिणाराच्या कातडीतील वाहिन्या उलट सैल होतात, म्हणून तोंड लाल दिसते. तथापि दीर्घकाळ पुष्कळ पिणाराचा रक्तदाब चढतो हे आज निश्चित आहे. हेल्स यांच्या काळी लंडनातील गरीब वस्त्या जिन नावाच्या स्वस्त दारूने पोखरल्या होत्या. १७३४ च्या सुमारास त्यांनी आपले नाव न घालता दारू पिणारांस मित्रत्वाने सावध करणारे एक पुस्तक काढले, आणि दारूच्या विक्रीवर कायद्याने बंधने यावीत म्हणून ते झटत राहिले.

कोंदट हवा बाहेर काढणारी मोठी भात्यांची यंत्रेही त्यांनी तयार केली. ती जहाजांवर, इस्पितळांत व तुरुंगांत बसविण्यात आली. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरही ती बसविली गेली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारास सुखाने लिहिता येत नाही. गावात त्यांची शिस्त कडक होती. चुकलेल्या स्त्रियांस ते मंडळीसमोर उघड प्रायश्चित्त घ्यावयास लावीत, आणि हे वाचून आम्हास त्या स्त्रियांचीच कीव आली. राजघराण्याशी त्यांचा स्नेह होता, पण विंडसर येथील मानाची जागा देऊ केली असता त्यांनी ती नाकारली व ते टेडिंग्टनलाच राहिले.

गावास चांगले पाणी नव्हते. सत्याहत्तर वर्षांचे असताना, १७५४ मध्ये, त्यांनी झऱ्याचे पाणी गावात आणविले व त्याची नोंद मंडळीच्या नोंदवहीत करून ठेविली. पाणी भरपूर आले, एवढे लिहून त्यांचे समाधान होईना. दोन क्वार्टांचे, म्हणजे सुमारे सव्वादोन लिटरांचे, भांडे लंबकाच्या तीन झोक्यांत भरते, तो लंबक एका झोक्यास एक सेकंद घेतो, आणि खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत त्याची लांबी ३९.२ इंच आहे, असे त्यांनी लिहिले आहे. पुढे सहा-सात वर्षांनी, १७६१ च्या जानेवारीच्या ४ तारखेस, ते मरण पावले. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजपुत्राच्या विधवेने त्यांचे स्मारक उभारले. देह मात्र, त्यांच्या इच्छेप्रमाणे, टेडिंग्टनच्या उपासनामंदिरात, ज्याच्या बांधणीस त्यांनी स्वतः हातभार लावला होता त्या मनोऱ्याखाली पुरला आहे.