पैजेत पोरीकडून हरला, तिच्याशीच लग्न केलं आणि आयुष्यभर तिची बंदूक सांभाळली..!

काउबॉय म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. डोक्यावर मोठी हॅट, उधळलेला घोडा, कमरेला पिस्तूल आणि कोपऱ्यात त्याची वाट बघत उभी असलेली हिरोईन. पण अमेरिकेत काउबॉयचा खेळ ज्या तंबूतून जगभर पोहोचला, तिथली सगळ्यात गाजलेली जोडी नेमकी उलटी होती. मैदानात बायको उतरायची आणि नवरा तिची काडतुसं भरून द्यायचा.

ती होती ॲनी ओकली आणि तो फ्रँक बटलर.

ॲनीचं मूळ नाव फीबी ॲन. जन्म १३ ऑगस्ट १८६० चा, ओहायो राज्यातल्या डार्क काउंटीतला. म्हणजे ज्या पश्चिमेची ती पुढं ओळख बनली, त्या पश्चिमेशी तिचा जन्माने काहीच संबंध नव्हता. घरात भावंडांची रांग आणि गरिबी. १८६६ साली वडील बर्फाच्या वादळात सापडले, आजारी पडले आणि गेले. घर आईवर आलं.

पोटासाठी ॲनी आधी फासे लावून पाखरं धरायची. आठेक वर्षांची असताना तिने वडिलांची बंदूक उचलली. नेम जन्मजात पक्का होता. पण तेवढ्याने घर भागेना. तिला काउंटीच्या अनाथगृहात ठेवलं आणि तिथून एका कुटुंबाकडं कामाला पाठवलं. त्या घरात तिच्याकडून मरेपर्यंत काम करून घेतलं, मारहाण केली, उपाशी ठेवलं. ॲनीने त्या लोकांचं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही. त्यांचा उल्लेख ती फक्त लांडगे असा करायची.

शेवटी ती तिथून पळाली. घरी परतल्यावर तिने पुन्हा बंदूक धरली आणि यावेळी शिकारीचा धंदाच केला. मारलेली पाखरं ग्रीनव्हिल गावच्या दुकानदाराला विकायची, तिथून माल सिनसिनाटीच्या हॉटेलांपर्यंत जायचा. या पैशातून पंधराव्या वर्षाच्या आसपास तिने आईच्या घरावरचं गहाण फेडलं.

आणि इथंच गोष्टीत फ्रँक बटलर येतो.

फ्रँक मूळचा आयर्लंडचा. लहानपणी अमेरिकेत आला, पडेल ती कामं केली आणि शेवटी रंगमंचावरचा नेमबाज झाला. गावोगाव खेळ करायचा आणि गावातल्या कुणीही आपल्याला हरवून दाखवावं अशी पैज लावायचा. सिनसिनाटीत त्याने १०० डॉलरची अशीच पैज लावली. तिथल्या एका हॉटेलवाल्याने समोर उभी केली ती जेमतेम पाच फूट उंचीची पोर.

फ्रँकला वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा करतंय. पण खेळ सुरू झाला तसं त्याचं हसू गेलं. दोघांचे नेम एकामागून एक लागत गेले. शेवटी फ्रँकचा एक नेम हुकला, ॲनीचा लागला. फ्रँक एका गुणाने हरला.

आता एका पोरीकडून चारचौघांत हरल्यावर त्या काळातला गडी काय करेल? बंदूक उचलेल आणि पुन्हा त्या गावाचं तोंड बघणार नाही. फ्रँकने मात्र ॲनीला आणि तिच्या घरच्यांना आपल्या खेळाची तिकिटं दिली. मग पत्रं सुरू झाली आणि दोघांनी लग्न केलं.

तारखेचा घोळ मात्र कायम आहे. रूढ गोष्टीनुसार ही पैज १८७५ ची आणि लग्न १८७६ चं. पण लग्नाचा कागद सापडतो तो २० जून १८८२ चा, कॅनडातल्या विंडसरचा. त्यामुळं काही अभ्यासक पैजही १८८१ ची मानतात. फ्रँकचं आधी एक लग्न झालं होतं, त्याच्या घटस्फोटाला वेळ लागला असावा आणि म्हणून दोनदा लग्न केलं असावं, असा एक अंदाज मांडला जातो.

खरी कलाटणी आली मे १८८२ मध्ये, ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला. फ्रँकचा जोडीदार आजारी पडला. ऐनवेळी माणूस नाही म्हणून ॲनी रंगमंचावर उभी राहिली. लोक तिच्यावरच फिदा झाले. तिने ओकली हे नाव घेतलं आणि जोडीचा खेळ सुरू झाला.

थोड्याच काळात फ्रँकच्या लक्षात आलं की लोक आपल्याला नाही, हिला बघायला येतायत. तेव्हा त्याने स्वतःची बंदूक खाली ठेवली. करार करणं, पैशाचा हिशेब, पेपरवाल्यांशी बोलणं, बंदुका आणि काडतुसं तपासणं ही सगळी कामं त्याने घेतली. मैदानात त्याच्याकडं एकच काम उरलं, ते म्हणजे निशाणा धरून उभं राहणं.

हे काम सोपं नव्हतं. ॲनी त्याच्या तोंडातली सिगारेट उडवायची, बोटांत धरलेलं नाणं उडवायची. पत्त्याची कड तिच्याकडं करून धरली तर गोळीने पत्ता चिरायची. पाठ फिरवून, आरशात बघत मागचा निशाणा टिपायची. हात थोडा जरी हलला असता तर फ्रँकचा जीव गेला असता. इतकी वर्षं तो रोज त्या बंदुकीसमोर उभा राहिला, यातच सगळं आलं.

१८८५ साली ही जोडी बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट शोमध्ये दाखल झाली. बफेलो बिल म्हणजे विल्यम कोडी. आज ज्याला रोडिओ म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या खेळांपैकी एक त्यानेच १८८२ च्या ४ जुलैला नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटला भरवला होता. त्याच्या शोमध्ये उधळ्या घोड्यांवर बसणारे काउबॉय होते, मूळ अमेरिकन योद्धे होते. लकोटा सरदार सिटिंग बुल तर ॲनीला मुलगी मानायचा. तिला अचूक नेमाची छोटी या अर्थाचं नाव त्यानेच दिलं.

१८८७ ला हा शो लंडनला गेला. व्हिक्टोरिया राणीच्या ज्या सुवर्णमहोत्सवामुळं मुंबईच्या बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळालं, त्याच महोत्सवाच्या वर्षी राणीनेही ॲनीचा खेळ बघितला. पण यश आलं तशी कुरबुरही आली. शोमध्ये लिलियन स्मिथ नावाची तरुण नेमबाज होती, तिच्याशी ॲनीचं पटत नव्हतं. बटलर दांपत्याने शो सोडला आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी ते परत आले. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत ॲनीच्या नेमबाजीचं छोटंसं चित्रीकरणही झालं.

ऑक्टोबर १९०१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात शोच्या रेल्वेला अपघात झाला. ॲनीच्या पाठीला दुखापत झाली. दोघांनी शो सोडला आणि फ्रँकने काडतूस कंपनीत नोकरी धरली.

पण मोठा घाव पुढं होता. ऑगस्ट १९०३ मध्ये पेपरात बातमी आली की ॲनी ओकली कोकेनच्या नादी लागली आणि त्यासाठी चोरी करताना शिकागोत पकडली गेली. खरं म्हणजे पकडलेली बाई भलतीच होती, तिने फक्त ॲनीचं नाव सांगितलं होतं. हर्स्टच्या पेपरांनी बातमी छापली आणि देशभरातल्या पेपरांनी ती उचलली.

गरिबीतून आलेल्या ॲनीसाठी अब्रू हीच कमाई होती. तिने एक-दोन नाही, तब्बल ५५ पेपरांवर खटले भरले. गावोगावच्या कोर्टात जाऊन स्वतः साक्षी दिल्या. हे १९१० पर्यंत चाललं. ५५ पैकी ५४ प्रकरणांत निकाल किंवा तडजोड तिच्या बाजूने झाली. मिळालेल्या भरपाईपेक्षा खर्च जास्त झाला असं सांगतात, पण नाव स्वच्छ झालं. एवढी वर्षं कमाईवर पाणी सोडून फ्रँक तिच्या मागं उभा राहिला.

पुढं पाइनहर्स्टला ॲनी बायकांना नेमबाजी शिकवायला लागली. स्वतःचं रक्षण प्रत्येक बाईला करता आलं पाहिजे, हे तिचं ठाम मत होतं. १९२२ मध्ये फ्लोरिडात मोटारीचा अपघात झाला आणि पायाला आधाराची पट्टी लागली. तरी बरं वाटताच तिने पुन्हा बंदूक धरली.

३ नोव्हेंबर १९२६ ला ग्रीनव्हिलमध्ये ॲनी गेली. आजारी असलेला फ्रँक तेव्हा मिशिगनमध्ये होता. तिच्या जाण्यानंतर त्याने अन्न सोडलं असं सांगितलं जातं. १८ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला तोही गेला. दोघांच्या कबरी ओहायोत शेजारी शेजारी आहेत.

आता यातली गंमत बघा. १९४६ मध्ये ब्रॉडवेवर ॲनीच्या आयुष्यावर संगीत नाटक आलं आणि तुफान चाललं. त्या नाटकातली ॲनी फ्रँकचं प्रेम टिकावं म्हणून शेवटची स्पर्धा मुद्दाम हरते. बाई जिंकली तर संसार टिकत नाही, हे लोकांना पटायला सोपं होतं.

प्रत्यक्षात ॲनीला कधीच मुद्दाम हरावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी फ्रँक हरला होता आणि त्या हरण्याची त्याला कधी लाज वाटली नाही. त्यांचा संसार टिकला तो त्यामुळंच.