दादासाहेब खापर्डे आणि पंचांचा न्याय



सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सॉक्रेटिसाचा खटला आम्हांला फार छळत असे. ख्रिस्तपूर्व ३९९ साली अथेन्सच्या सुमारे ५०० नागरिकांनी बहुमताने त्याला दोषी ठरविले. त्या न्यायसभेत निकाल देणारा वेगळा न्यायाधीश नव्हता. पंच चिठ्ठ्या टाकून निवडत आणि आरोपी स्वतःच आपली बाजू मांडी. स्त्रिया व गुलाम मात्र पंच होऊ शकत नसत. इतक्या लोकांनी मिळून दिलेला निर्णयही चुकू शकतो, याचे आम्हांला तेव्हा आश्चर्य वाटे.

अमरावतीला आल्यावर गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचे चरित्र वाचले आणि तोच प्रश्न पुन्हा समोर आला. दादासाहेबांचा जन्म १८५४ चा. मुंबईत कायदा शिकून ते काही वर्षे सरकारी नोकरीत होते. १८९० मध्ये ती सोडून त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. राहणी थाटाची, बोलणे विनोदी. लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत! १८९७ साली अमरावतीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे स्वागताध्यक्ष तेच होते.

जुलै १९०८ मध्ये त्यांचे मित्र लोकमान्य टिळक यांच्यावर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. सॉक्रेटिसाप्रमाणे टिळकांनी स्वतःच बचाव केला. एकूण २१ तासांहून अधिक ते बोलले. ज्युरीत नऊ जण होते, त्यांतले सात युरोपियन. लेख मराठीत आणि ज्युरीच्या हाती त्यांचे इंग्रजी भाषांतर! सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले व सहा वर्षांची शिक्षा झाली. अथेन्सचे पंच निदान आरोपीची भाषा बोलणारे होते. इथे बहुमत होते, पण ते कोणाचे, हा दादासाहेबांचा सल होता, असे आम्हांला वाटते.

त्यांनी चांगली चाललेली वकिली बाजूला ठेवली आणि त्याच वर्षी विलायत गाठली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीच नाकारली. तरीही ते तिथे राहून खासदारांना भेटत राहिले. १९१० मध्ये परतताना ब्रह्मदेशात जाऊन मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. हाती काहीच नव्हते, तरी मित्राला तोंड दाखवायला गेले! घरी आले तेव्हा वकिलीची घडी विस्कटली होती. पुढे शिर्डीला साईबाबांच्या सहवासात त्यांनी बरेच दिवस काढले; तिथली त्यांची रोजनिशी आजही वाचली जाते.

१९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष आपले मुंबईचे कॅथलिक बॅरिस्टर काका बाप्टिस्टा झाले. त्या चळवळीतही दादासाहेब होते. गांधीजींचे असहकार मात्र त्यांना पटले नाही. कायदेमंडळात बसून भांडावे, असे त्यांचे मत होते. ते मत पुष्कळांना रुचले नाही आणि त्यांची लोकप्रियता ओसरली.

१ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. भारतातली ज्युरीची पद्धत त्यानंतरही अनेक वर्षे चालली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.