टोल नाक्यावर सापडलेला वारसा

कॉम्प्युटरच्या व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो: स्टॅटिक मेथड ओव्हरराइड करता येते का? ‘नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. पण पुढे ‘का नाही?’ आलं की भल्याभल्यांची तंतरते. या ‘का’चा माग काढत गेलं, तर आपण ओस्लोमध्ये क्रिस्टन निगार्ड यांच्यापर्यंत पोचतो.

निगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, ओस्लोचाच. शिक्षण गणिताचं. १९४८ पासून ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होते. माणसं, यंत्रं आणि रांगा यांचं गणित नुसत्या सूत्रांत बसत नाही, हे त्यांना तिथे कळलं. १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. अशा व्यवहारांची कॉम्प्युटरवर नक्कल करता येईल अशी भाषा त्यांना हवी होती. प्रोग्रॅमिंगमध्ये मुरलेले ओले-योहान डाल जोडीला आले आणि ‘सिम्युला’ उभी राहिली.

तरी एक गोष्ट खटकत होती. पुलावरच्या टोल नाक्याचं उदाहरण घ्या. रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. रांगेत उभं राहणं दोघांचं सारखंच, बाकी वागणं वेगळं. मग रांगेचा कोड दोनदा कशाला लिहायचा? १९६७ च्या सुरुवातीला दोघांना तोडगा सुचला. सामाईक भाग एकदाच लिहायचा आणि ट्रक, बस यांचे क्लास त्यावर रचायचे. आज आपण ज्याला इन्हेरिटन्स म्हणतो, ते हेच. त्यातूनच ‘सिम्युला ६७’ आली.

पण आईबापांची प्रत्येक रीत मुलांना कशी चालेल? म्हणून ‘व्हर्च्युअल’ प्रोसिजर आली. नाव वरच्या क्लासचं, काम मात्र ज्याचं त्याचं. कोणतं काम चालवायचं हे प्रोग्रॅम चालू असताना, समोर खरोखर कोण उभं आहे ते बघून ठरतं.

व्हायव्हाचं उत्तर इथेच आहे. स्टॅटिक मेथड क्लासची असते, कुठल्याही एका ऑब्जेक्टची नाही. त्यामुळे समोर कोण आहे हे बघायचा प्रश्नच येत नाही. जावामध्ये ‘वाहन’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये बस ठेवली, तर साधी मेथड बसची चालते, पण स्टॅटिक मेथड वाहनाचीच. कारण तो निर्णय कंपाइल करतानाच झालेला असतो. बसने त्याच नावाची स्टॅटिक मेथड लिहिली, तरी मूळची फक्त झाकली जाते, बदलत नाही.

वारशाची दुसरी मर्यादा सिम्युलातच दिसली. एका क्लासला वरचा क्लास एकच. शिवाय रांगेत उभं राहायची सोयही वारशानेच मिळालेली, म्हणून एक गाडी एका वेळी एकाच रांगेत. दोन रांगा हव्यात? मग गाडीने दोन वेगळी टोकन बाळगायची आणि रांगेत टोकन उभी करायची. सगळंच वारशाने घेऊ नये, काही गोष्टी जवळ बाळगाव्यात, हा धडा आजही लागू आहे. जावातही ‘एक्स्टेंड्स’नंतर क्लास एकच लिहिता येतो.

निगार्ड मात्र कोडपाशी थांबले नाहीत. कारखान्यात कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हा, १९७० च्या दशकात, ते लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. यंत्रणा कशी असावी हे ठरवताना ती वापरणाऱ्या कामगाराचंही ऐकलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे नॉर्वेने युरोपीय संघात जाऊ नये या मोहिमेचं नेतृत्वही त्यांनी केलं. १९९४ च्या सार्वमतात ती बाजू जिंकली.

२००१ चा ट्युरिंग पुरस्कार डाल आणि निगार्ड यांना मिळून मिळाला. २९ जून २००२ रोजी डाल गेले. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, निगार्डही गेले.

पुढच्या व्हायव्हात ‘का नाही?’ आलं, तर टोल नाक्यावरची ती बस आठवा. उत्तर पाठ करावं लागणार नाही.